म्यानमारच्या वांशिक प्रश्नावर काम करायचं असेल तर: एम.ए. ते पहिली नोकरी

भारत आणि म्यानमारची सीमा १,६४३ किलोमीटरची आहे. अरुणाचल ५२०, नागालँड २१५, मणिपूर ३९८, मिझोराम ५१०. परराष्ट्र धोरणातल्या वांशिक प्रश्नांचा विश्लेषक व्हायचं ठरवलं की पहिला खरा निर्णय हाच, की यातले कुठले किलोमीटर आपले. ‘दक्षिण आशियातील वांशिक संघर्ष’ असा ऐसपैस विषय घेऊन दिल्लीत दरवर्षी कितीतरी जण येतात आणि नोकरीच्या वेळी सगळ्यांचे अर्ज एकसारखे दिसतात. म्यानमारमधल्या पलेटवापासून मिझोरामच्या सीमेवरच्या झोरिनपुईपर्यंतचा रस्ता आज कोणाच्या ताब्यात आहे आणि का, हे सांगू शकणारे मात्र मोजकेच असतात.

माझी वाट मिझोरामच्या ५१० किलोमीटरची होती. २०१७ मधल्या एम.ए. प्रवेशापासून २०२५ मधल्या नोकरीपर्यंत. मधे कोविड आला, म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, पीएच.डी.चे नियम बदलले. या वाटेला नव्याने लागणाऱ्यांच्या उपयोगी पडेल ते क्रमाने लिहिते.

विभाग, मार्गदर्शक, नेट

एम.ए. राज्यशास्त्रात करावं की आंतरराष्ट्रीय संबंधांत, यावर मुलं फार डोकं शिणवतात. तेवढा फरक पडत नाही. पुणे विद्यापीठातले राज्यशास्त्र आणि संरक्षणशास्त्र हे विभाग असोत की मुंबईचा नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग, पाया कुठेही पक्का होतो. जेएनयूत शिकवणीची फी वर्षाला काही शेकड्यांत असल्यामुळे खरा खर्च वसतिगृहाचा आणि मेसचा.

फरक पडतो पीएच.डी.ला, कारण म्यानमार आपल्याकडच्या कप्प्यांत धड बसत नाही. १९९७ पासून तो आसियानचा सदस्य, म्हणून विद्यापीठात आग्नेय आशिया बघणाऱ्या केंद्राकडे. परराष्ट्र मंत्रालयात तो बांगलादेशाबरोबर ‘बीएम’ विभागात. आणि सीमेवरचे मिझो, कुकी, नागा हा ईशान्य भारताच्या अभ्यासकांचा प्रांत. हे तीन गट एकमेकांचं फारसं वाचत नाहीत. मार्गदर्शक ठरवण्याआधी त्यांच्या मागच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, उघडून बघावेत. फुकट आहे, आणि एका संध्याकाळचं काम आहे. शीर्षकं नाही, संदर्भसूची बघावी. सूचीत मुलाखती, जनगणनेचे खंड, अभिलेखागारातल्या फायली दिसल्या तर जमेल. नुसतीच शिखर परिषदांची निवेदनं असतील तर मिझोरामच्या सीमेवरच्या चंफाईचा विषय त्यांच्या गळी उतरवण्यात वर्ष जातं.

नेटबद्दल, म्हणजे अध्यापन आणि अधिछात्रवृत्तीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेबद्दल, थोडक्यात. डिसेंबर २०१८ पासून ही परीक्षा एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था संगणकावर घेते. पहिल्या पेपरला ५० प्रश्न, दुसऱ्याला १००, सलग तीन तास, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. अलीकडच्या फेऱ्यांत खुल्या प्रवर्गाला ११५० रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला ६००, बाकी आरक्षित प्रवर्गांना ३२५. राज्यशास्त्राखेरीज ‘आंतरराष्ट्रीय व क्षेत्र अभ्यास’ असा वेगळा विषयही यादीत आहे, ज्यात एम.ए. केलं तो घ्यावा, नाहीतर पुढे पडताळणीत प्रश्न येतात. जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती; तिची वयोमर्यादा ३० आहे. महिलांना आणि आरक्षित प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत मिळते. आणि निकाल हातात येईपर्यंत काही गृहीत धरू नये. १८ जून २०२४ ला झालेली परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा घेतली गेली.

जेआरएफ २०१९ पासून महिना ३१,००० होती, जानेवारी २०२३ पासून ३७,०००; दोन वर्षांनंतर एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ अधिछात्रवृत्तीचे, ४२,०००. शिवाय घरभाडं. मानव्य शाखेला किरकोळ खर्चासाठी पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५००. ऐकायला बरं वाटतं, पण विद्यापीठातल्या कारकुनाने दर महिन्याला पोर्टलवर तुमची उपस्थिती भरायची आणि वरच्याने ती मंजूर करायची, तेव्हा पैसे सुटतात. मधे कोणी रजेवर गेलं की दोन-तीन महिन्यांचं एकदम येतं. फील्डवर्कच्या आधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला हवाच. जेआरएफ नाही मिळाली तर महाराष्ट्रातल्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्यांकडे लक्ष ठेवावं. जाहिराती वेळापत्रकाने निघत नाहीत. जात पडताळणी आणि अधिवासाची कागदपत्रं आधीच तयार असलेलाच मुदतीत अर्ज करू शकतो.

पीएच.डी.चे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे. किमान तीन वर्षं, कमाल सहा, किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क, दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे हजेरी. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती गेली. तरी एक छापावाच, कारण नोकरी देणाऱ्यांनी ती सक्ती काढलेली नाही.

भाषा

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, जपानी शिकता येते, बर्मीची सोय नाही. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाची स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस बर्मी शिकवते, पण तिथे आधी सैन्यदलं आणि सरकारी नोकर. बाकीच्यांनी खासगी शिक्षक शोधायचा. पश्चिम दिल्लीत विकासपुरी, उत्तमनगर भागात म्यानमारहून आलेली चिन कुटुंबं आहेत (चीन देशाची नव्हेत, मिझोरामलगतच्या चिन राज्यातली), त्यांच्यात शिकवणारे भेटतात. मराठी माणसाला लिपी सोपी जाते, कारण व्यंजनांचा तक्ता क, ख, ग असाच वर्गांनी लावलेला आहे. अवघड जातात ते स्वर-आघात. वर्षभर आठवड्याला तीन तास दिले तर बातमीचा मथळा, सरकारी अधिसूचना आणि फेसबुक पोस्टचा आशय कळू लागतो. विश्लेषकाला सुरुवातीला तेवढं पुरतं.

मिझोरामच्या सीमेवर मात्र बर्मीपेक्षा मिझो जास्त उपयोगी. ती रोमन लिपीत लिहितात, ऐझॉलची वर्तमानपत्रं त्याच भाषेत निघतात, आणि चिन राज्यातल्या फलाम-हाखाकडून आलेल्या बऱ्याच लोकांना ती कामापुरती येते. दोन्ही भाषा अर्ध्या शिकण्यापेक्षा आधी मिझो बऱ्यापैकी शिकावी, हे माझं मत. बर्मीचा आग्रह धरणारे मार्गदर्शक याला हरकत घेतील.

एक तांत्रिक गोष्ट कोर्सवर्कमध्ये कोणी शिकवत नाही. म्यानमारने ऑक्टोबर २०१९ मध्ये अधिकृतपणे युनिकोड स्वीकारलं. त्याआधीचा बराचसा मजकूर झॉजी नावाच्या फाँटात आहे. दिसायला सारखाच, पण आतले संकेत वेगळे. युनिकोडमध्ये गावाचं नाव टाकून शोधलं तर २०१९ च्या आधीचं काहीच सापडत नाही आणि वाटतं, या गावाबद्दल कोणी लिहिलेलंच नाही. फुकट मिळणारा रूपांतरक वापरून शब्द दोन्ही प्रकारे शोधावा.

१३५ चा आकडा

विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. म्यानमार सरकार ‘१३५ राष्ट्रीय वंश’ मानतं: काचिन १२, काया ९, कायिन ११, चिन ५३, बामार ९, मोन १, रखाइन ७, शान ३३. प्रत्येक नवशिक्या अहवालाच्या पहिल्या पानावर ‘१३५ वांशिक गटांचा देश’ असं वाक्य असतं, आणि जाणकार संपादक तिथेच खूण करतो. चिनांची ५३ नावांची यादी एकदा स्वतः उतरवून काढावी. तिच्यात मैतेई आहेत, नागा आहेत, लुशाई आहेत. मैतेईंना मणिपुरात कोणी चिन म्हटलं तर काय होईल ते सांगायला नको. एकाच समाजाची दोन-तीन नावं, काही नुसती गावा-कुळांची नावं, सगळं एका रांगेत. रोहिंग्या त्यात नाहीत, आणि १९८२ च्या नागरिकत्व कायद्यामुळे त्या नसण्याचं रूपांतर नागरिकत्व नसण्यात झालं. यादी हे समाजाचं वर्णन नाही, प्रशासनाने उचललेलं पाऊल आहे, अशा नजरेने ती वाचली की उपयोगी पडते.

आपल्या बाजूलाही यादीच आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत तेच लोक मिझोराममध्ये एका नावाखाली, मणिपुरात दुसऱ्या. त्यामुळे ‘सीमेपलीकडचे आपले भाऊबंद’ हे राजकीय विधान आकड्यांत मांडायला गेलं की दोन्हीकडच्या याद्या जुळत नाहीत. प्रबंधाच्या पहिल्या वर्षी एकच तक्ता करावा: स्वतः लोक काय म्हणवतात, भारताच्या यादीत काय, म्यानमारच्या यादीत काय, सशस्त्र संघटना कुठल्या नावाने बोलते. पुढची सगळी वर्षं तो उपयोगी पडतो.

जनगणनेचंही तसंच. २०१४ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ५,१४,८६,२५३ दिली आहे. त्यातले १२,०६,३५३ प्रत्यक्ष मोजलेले नाहीत, अंदाजाने धरलेले आहेत: रखाइनमध्ये १०,९०,०००, कायिनमध्ये ६९,७५३, काचिनमध्ये ४६,६००. रखाइनचा आकडा असा गोल का, हे ज्याला विचारावंसं वाटतं त्याने या क्षेत्रात यावं. रोहिंग्यांना त्या नावाने नोंद करू दिली नाही, म्हणून ते मोजलेच गेले नाहीत. वंशाची माहिती गोळा झाली, पण मुख्य अहवालांतून प्रसिद्ध केली नाही. ऑक्टोबर २०२४ च्या जनगणनेत एकूण लोकसंख्या ५.१३ कोटी सांगितली आहे, त्यातले जवळजवळ १.९ कोटी अंदाजाचे, कारण मोठा भाग लष्कराच्या हाताबाहेर आहे. म्हणून ‘चिन लोक इतके टक्के’ असं लिहायचंच नाही. ‘चिन राज्याची लोकसंख्या २०१४ मध्ये ४,७८,८०१’ असं लिहायचं, कारण राज्यात राहणारा प्रत्येक जण चिन नाही आणि प्रत्येक चिन राज्यात राहत नाही.

जुनं बघायचं तर अभिलेखागार. १ एप्रिल १९३७ पर्यंत बर्मा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता, त्यामुळे चिन टेकड्यांच्या कारभाराची कागदपत्रं दिल्लीत जनपथवर राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर घरी बसून नोंदणी करून फायलींची नावं शोधता येतात, बरंचसं डिजिटल झालेलं आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या पंचवीस वर्षांवरच्या फायली अभिलेखागारात यायच्या असतात, पण सगळ्या आलेल्या नसतात; मागणीच्या चिठ्ठीवर ‘एनटी’ शेरा आला तर फाइल हस्तांतरितच झालेली नाही असं समजायचं. एका वेळी पाच-सहा क्रमांक मागावेत, म्हणजे दोन तरी हाती लागतात. बर्माचा शेवटचा राजा थिबा याचा मुक्काम १८८६ ते १९१६ रत्नागिरीत असल्यामुळे त्यासंबंधीची कागदपत्रं मुंबईच्या राज्य अभिलेखागारात शोधावीत. वांशिक प्रश्नाशी संबंध थोडा, पण कोकणातल्या विद्यार्थ्याला एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी चांगला विषय आहे.

१ फेब्रुवारी २०२१ नंतर

मूळ आराखड्यात यांगूनला जाऊन मुलाखती होत्या. मार्च २०२० मध्ये व्हिसा थांबले आणि पुढच्या फेब्रुवारीत सत्तापालट झाला. त्या वर्षी म्यानमारवर काम करणाऱ्या सगळ्यांचे आराखडे बाद झाले. समितीपुढे विषय बदलून घेण्यात एक पूर्ण सत्र जातं, ते गृहीत धरावं. विषय मुळापासून बदलायला जाऊ नये. शीर्षक तेच ठेवून ‘संशोधन पद्धती’ बदलली तर समितीतच काम होतं, शीर्षक बदललं तर वरच्या मंडळापर्यंत जावं लागतं. ती अस्वस्थता खरी असते. आपण ज्या देशाचा अभ्यास करतो तो बंद झाला, आता काय सांगणार, असं वाटत राहतं.

तोवर माणसंच इकडे येऊ लागली होती. १० मार्च २०२१ ला गृह मंत्रालयाने चार सीमावर्ती राज्यांना आणि आसाम रायफल्सला लोंढा रोखायला सांगितलं; १८ मार्चला मिझोरामचे मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून हे आम्हाला मान्य नाही असं कळवलं. परराष्ट्र धोरण आणि वंशाचं नातं यांचा संबंध काय, याचं याहून चांगलं उदाहरण पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, म्हणून ‘निर्वासित’ हा शब्द राज्य सरकार वापरतं आणि केंद्र टाळतं. अहवालात कुठला वापरायचा ते पहिल्या पानावर एका ओळीत सांगून टाकावं.

फील्डची सुरुवात पश्चिम दिल्लीत करावी. मेट्रोचं तिकीट एवढाच खर्च, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात नोंदलेली चिन कुटुंबं तिथे आहेत, आणि प्रश्नावलीतले कुठले प्रश्न लोकांना खुपतात ते तिथेच कळतं. ‘तुम्ही कुठल्या वाटेने आलात’ हा प्रश्न माझ्या यादीतून तिथेच गेला. ती वाट अजून कोणीतरी वापरत असतं.

मिझोरामला बाहेरच्या भारतीयांनाही इनर लाइन परमिट, म्हणजे प्रवेशाचा परवाना, लागतं. त्याचं मूळ १८७३ च्या नियमनात आहे. लेंगपुई विमानतळावर किंवा ऑनलाइन तात्पुरतं मिळतं, ते थोड्या दिवसांचं. संशोधनाला नियमित परमिट घ्यावं, सहा महिन्यांचं. त्यासाठी स्थानिक प्रायोजक लागतो. मिझोराम विद्यापीठातल्या प्राध्यापकाशी दोन-तीन महिने आधी पत्रव्यवहार केला तर हे सुरळीत होतं. सोबत मार्गदर्शकाचं शिक्क्याचं पत्र, ओळखपत्राच्या पाच-सहा झेरॉक्स, फोटो. चंफाईला पोचल्यावर जिल्हा उपायुक्तांच्या कार्यालयात पत्राची एक प्रत देऊन पोच घ्यावी. आसाम रायफल्सच्या नाक्यावर ती पोच बाकी सगळ्या कागदांपेक्षा चटकन चालते. परदेशी नागरिकांना डिसेंबर २०२४ पासून पुन्हा संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो, तेव्हा परदेशी सहसंशोधक असेल तर त्याचं वेगळं बघावं.

ऐझॉल ते चंफाई सुमारे १९० किलोमीटर. शेअर सुमो सकाळी सुटते, जागा आदल्या दिवशी काउंटरवर बुक करावी, आणि पूर्ण दिवस त्यातच जातो असं धरावं. पुढे झोखाथार २७-२८ किलोमीटर. जून ते सप्टेंबर दरडी कोसळतात, नाताळच्या आसपास कोणी मुलाखत देत नाही, रविवारी सगळं बंद. जानेवारी-फेब्रुवारी हे खरे कामाचे महिने. रोख पैसे चंफाईतच काढून घ्यावेत.

झोखाथारला तिआउ नदीवर पूल आहे, पलीकडे रिखावदार. पुलाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. आधी ग्रामपरिषदेच्या अध्यक्षांना भेटायचं, मग यंग मिझो असोसिएशन या मिझोंच्या सामाजिक संघटनेच्या शाखेला, मग छावणीच्या समितीला. हा क्रम चुकला तर दारं उघडतात पण माणसं बोलत नाहीत. छावणीच्या समितीकडे शाळेच्या हजेरीसारखी वही असते: कुटुंबप्रमुख, माणसं, मूळ गाव, आल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात ‘परत गेले’, ‘ऐझॉलला गेले’ अशा नोंदी, बऱ्याच खोडून पुन्हा लिहिलेल्या. राज्य सरकारचा आकडा, या वहीतला आकडा आणि मदत संस्थांचा आकडा कधीच जुळत नाहीत. कारण सोपं आहे. लोक पेरणीला पलीकडे जातात आणि परत येतात, नातेवाइकांकडे राहणारे वहीत नसतात, आणि छावणी बदलली की काहींची दोनदा नोंद होते. अहवालात तिन्ही आकडे तारखेसकट द्यावेत. सरासरी काढू नये.

दुभाषा निवडताना त्याची भाषा पुरेशी नाही, त्याचं गाव विचारावं. फलामच्या माणसाला तेदिमचा दुभाषा दिला तर शब्द कळतात, पण विश्वास बसत नाही. आणि दुभाषा एखाद्या संघटनेच्या जवळचा असेल तर त्या संघटनेविरुद्धचं एकही वाक्य तुमच्या वहीत येत नाही. दोन दुभाषे, दोन वेगळ्या भागांतले, आणि निवडक मुलाखती दोघांकडून पुन्हा. मानधन दिवसाच्या हिशेबाने, स्थानिक शाळेतल्या शिक्षकाच्या दिवसाच्या पगाराला धरून. मुलाखत देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, चहा-बिस्किटं चालतात. नावं वहीत लिहायचीच नाहीत, फक्त क्रमांक. क्रमांक-नावाचा तक्ता करायचा असेल तर तो कूटबद्ध करून सीमेपासून दूर ठेवायचा. फोनमध्ये रेकॉर्डिंग घेऊन नाक्यावरून फिरू नये.

‘चिन लोकांना काय हवं’ असा प्रश्न घेऊन गेलेला रिकाम्या हाताने परत येतो. चिन नॅशनल फ्रंट ही सशस्त्र संघटना १९८८ ची. २०२१ नंतर गावोगावी संरक्षण दलं उभी राहिली. २०२३ च्या अखेरीस एकीकडे चिनलँड कौन्सिल झालं, दुसरीकडे चिन ब्रदरहूड. फेब्रुवारी २०२५ मध्ये ऐझॉलमध्ये दोघांनी एकत्र येण्याच्या करारावर सह्या केल्या, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये रिखावदारच्या बाजूला दोन चिन गटांतच लढाई होऊन हजारो लोक झोखाथारला आले. फेब्रुवारीत ‘चिन ऐक्य’ असा मथळा देऊन अहवाल पाठवणाऱ्यांची जुलैत अडचण झाली. समाज, संघटना आणि भूभाग हे तीन वेगळे रकाने आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात लिहायचं नाही.

टेबलावरचं काम

हिंसक घटनांच्या आकड्यांसाठी एसीएलईडी या संघर्षांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा डेटा सगळे वापरतात. नोंदणी करून मिळतो. दोन सापळे आहेत. एक, जुन्या नोंदी मागाहून बदलतात, म्हणून उतरवून घेतल्याची तारीख फाइलच्या नावातच घालावी. दोन, प्रत्येक नोंदीला ठिकाणाच्या अचूकतेचा १ ते ३ असा अंक असतो. ३ म्हणजे नेमकं गाव माहीत नाही, भागाच्या मुख्य ठिकाणी बिंदू टाकला आहे. ते गाळले नाहीत तर नकाशावर हाखाभोवती असा पुंजका दिसतो की जणू सगळं युद्ध तिथेच चाललं आहे.

गावं जाळल्याच्या बातम्या तपासायला नासाचा आगींचा उपग्रह डेटा आहे, ३७५ मीटरचा. पण मार्च-एप्रिलमध्ये चिन टेकड्या आणि मिझोराम दोन्हीकडे झूम शेतीसाठी रान जाळतात. त्या महिन्यांतला आगीचा बिंदू पुरावा म्हणून एकटा चालत नाही. युरोपीय सेंटिनेल उपग्रहाच्या दहा मीटरच्या चित्रांत आधीचं आणि नंतरचं गाव शेजारी ठेवून छपरं मोजावी लागतात. थांतलांग सप्टेंबर २०२१ मध्ये जळलं तेव्हा रान जाळण्याचा हंगाम नव्हता, पण आकाश ढगांनी भरलेलं. स्वच्छ चित्राची आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागते.

धोरण-टिपण कसं लिहायचं हे प्रबंधात शिकायला मिळत नाही. दीड ते अडीच हजार शब्द, सल्ला पहिल्या परिच्छेदात, आणि प्रत्येक विधान तीनपैकी एका प्रकारात बसलं पाहिजे: पाहिलेलं, सांगितलेलं, अनुमान. ‘भारताने सर्व संबंधितांशी संवाद साधावा’ हे वाक्य दिसलं की वाचणारा अधिकारी पान उलटतो. कोणत्या कार्यालयाने, कोणाशी, कोणत्या मुद्द्यावर, हे लिहायचं.

कलादान या भारत-म्यानमार वाहतूक प्रकल्पाचं उदाहरण घ्या. २००८ चा करार. कोलकाता ते सित्वे समुद्रमार्गे ५३९ किलोमीटर, सित्वे ते पलेटवा नदीने १५८, तिथून झोरिनपुईपर्यंत १०९ किलोमीटरचा रस्ता. सित्वे बंदर मे २०२३ मध्ये सुरू झालं, रस्ता अडला. पलेटवा नकाशावर चिन राज्याच्या नऊ तालुक्यांपैकी एक. जानेवारी २०२४ मध्ये तो आराकान आर्मीने घेतला, जी रखाइनांची सशस्त्र संघटना (आराकान हे रखाइनचं जुनं नाव). ‘जो ताब्यात ठेवतो त्याच्याशी बोला’ असा सल्ला दिला तर चिन संघटना म्हणणार, आमच्या जमिनीवर दुसऱ्याचा हक्क मान्य केला. चिन संघटनांशी बोललं तर रस्त्यावरचा एक खडा हलत नाही. शिवाय इंग्रजी अमलात पलेटवा हे आराकान हिल ट्रॅक्ट्सचं ठाणं होतं, त्यामुळे आराकानच्या बाजूलाही इतिहासाचा आधार आहे, आणि तिथे राहणाऱ्या खुमींना कोणी विचारत नाही. अशा टिपणात सल्ला छोटा ठेवावा लागतो: रस्त्याच्या कामापुरती बोलणी, सार्वभौमत्वावर मौन, मजुरांच्या सुरक्षिततेची हमी कोणाकडून घ्यायची ते नेमकं, आणि मिझोराम सरकारला आधी कल्पना.

प्रबंध देण्याआधी साम्य-तपासणीत दहा टक्क्यांच्या आत असावं लागतं. जनगणनेचे तक्ते आणि करारांची अवतरणं त्यात धरली जाऊ नयेत म्हणून ती वगळून अहवाल काढायला ग्रंथपालाला सांगावं. नियमाप्रमाणे प्रबंध दिल्यापासून सहा महिन्यांत मौखिक परीक्षा व्हायला हवी. परीक्षकांच्या होकाराची वाट बघण्यात तो काळ संपत येतो. तेव्हाच नोकरीचे अर्ज करावेत.

अर्ज कुठे? मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था (यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६५ मध्ये स्थापन झालेली), सप्रू हाउसमधली भारतीय विश्व व्यवहार परिषद, ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन (ओआरएफ), मुंबईत गेटवे हाउस, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या धोरण नियोजन विभागात सल्लागाराच्या जागा. जाहिरात, अर्जांची छाननी, लेखी परीक्षा, मुलाखत, पोलीस पडताळणी: जाहिरातीपासून रुजू होईपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात. लेखी परीक्षेत बहुधा ठरावीक वेळात एक टिपण लिहायला देतात. लेखनाचा नमुना म्हणून प्रबंधातलं प्रकरण पाठवू नये, छापलेलं टिपण पाठवावं. मुलाखतीत मणिपूरबद्दल विचारणारच. तो आपला पट्टा नसेल तर तसं सांगून मिझोरामवर यावं. पहिला पगार एसआरएफपेक्षा फार वर नसतो, आणि करार बहुतेक ठिकाणी ठरावीक मुदतीचा.

करारावर सही करण्याआधी ‘कामाच्या काळात तयार झालेल्या साहित्याची मालकी’ हे कलम वाचावं. त्यात मुलाखतींच्या वह्या आणि रेकॉर्डिंगही संस्थेच्या मालकीची होतील अशी भाषा असते. झोखाथारला आपण नाव कुणाला देणार नाही असा शब्द देऊन ते ऐकलेलं असतं. रुजू होण्याआधीचं फील्ड-साहित्य वगळलं आहे, असं ईमेलवर लेखी मागून घ्यावं. विचारलं की देतात.